घाट चढणाऱ्यांचे व्याकरण

इस्राएलमध्ये कायमचे राहायला आलेल्या ज्यू माणसाला हिब्रू भाषेत ‘ओले’ म्हणतात, आणि तो नुकताच उतरलेला असेल तर त्याच्या मागे ‘हदाश’ म्हणजे ‘नवा’ हे विशेषण लावतात. त्यामुळे ‘ओले हदाश’ हे शब्द प्रथमच ऐकणाऱ्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पावसात नखशिखान्त भिजून, पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन फलाटावर उभा असलेला कोणी गरीब जीव आला तर त्यात त्याचा दोष नाही. वस्तुतः ‘ओले’ या शब्दाचा ओलाव्याशी काही संबंध नसून त्याचा अर्थ ‘वर चढणारा’ असा आहे. त्या देशात येण्याला ‘आलिया’ म्हणजे ‘चढण’ म्हणतात, आणि तेथून कायमचा निघून जाणारा ‘योरेद’, म्हणजे ‘उतरणारा’, ठरतो व हा दुसरा शब्द नाक किंचित मुरडूनच उच्चारायचा असतो. विमान हिमालयावरून आले काय किंवा समुद्रसपाटीवरून आले काय, तिकडे जाणे ते चढणेच आणि तिकडून येणे ते उतरणेच, हा हिशेब जगातल्या बहुतेक भाषिकांना नकाशा काढून समजावून द्यावा लागतो.

बुलढाणा जिल्ह्यात तो तसा द्यावा लागू नये. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन भाग केले आहेत. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा ही वरची मंडळी, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर ही खालची, आणि हा भेद केवळ समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा नसून पीक, पाणी, सोयरीक, बोली आणि स्वभाव या सर्वांचा आहे, असे दोन्हीकडची माणसे एकमुखाने सांगतात, फक्त कोणता स्वभाव चांगला याविषयी त्यांचे एकमत होत नाही. मोताळ्याहून राजूर घाटाने किंवा खामगावहून बोथ्याच्या घाटाने बुलढाण्याला येणारा माणूस शेवटच्या वळणावर हवा बदलली म्हणून गळ्यातला रुमाल कानाला गुंडाळतो, आणि चढणारा माणूस वर पोहोचेपर्यंत थोडा वेगळा झालेला असतो हे तत्त्व तेव्हा त्याला कोणा पंडिताशिवाय उमजते. ‘आलिया’ म्हणजे हेच, फक्त घाट जरा लांबचा.

हा लांबचा घाट मराठी बोलत बोलत चढलेला समाज म्हणजे कोकणातील बेने इस्राएल होय. कुलाब्याच्या किनाऱ्यावर, आजच्या रायगड जिल्ह्यात, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखले जाणारे हे लोक गावांवरून पेणकर, रोहेकर, किहीमकर, अष्टमकर, दिवेकर अशी आडनावे लावत, अब्राहमला अबाजी, सॅम्युएलला समाजी व एलियाला एलोजी म्हणत, आणि आपल्या सणांना अस्सल घरगुती मराठी नावांनी संबोधत. योम किप्पुर हा दारे लावून उपवास करण्याचा दिवस, म्हणून तो ‘दरफाळणीचा सण’. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा तो ‘शिळा सण’. पुरीम हा फाल्गुनाच्या आसपास येतो, म्हणून तो ‘होळीचा सण’. १९४८ मध्ये इस्राएलची स्थापना झाल्यावर पुढील दशकांत या समाजातील बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली आणि बेअरशेवा, दिमोना, अश्दोद, लोद, रामले अशा गावांत वसली, आणि तेथे त्यांना कळले की शेकडो वर्षे जे सण ते पाळत आले होते त्यांची ही घरगुती नावे तेथे कोणालाच कळत नाहीत. माणसाने स्वतःच्याच सणाचे नाव वर्गात बसून पाठ करावे, यासारखी विनोदी वेळ इतिहासाने फार थोड्या समाजांवर आणली असेल.

वर्ग म्हणजे ‘उल्पान’. प्रौढ नवागतांना थोड्या महिन्यांत बोलती हिब्रू शिकवणारी ही शाळा असून ‘उल्पान एत्सियोन’ ही तिच्यातील पहिली, जेरुसलेममध्ये १९४९ साली निघालेली. तिच्या बाकांवर रुमानियाचा डॉक्टर, येमेनचा सोनार, मोरोक्कोचा शिंपी आणि मुंबईचा रेल्वे कारकून शेजारीशेजारी बसून ‘हा टेबल आहे’ हे वाक्य एका सुरात म्हणत. शिक्षिका हिब्रूखेरीज दुसऱ्या भाषेचे अक्षरही उच्चारत नाही, कारण विद्यार्थ्यांना समजेल अशी दुसरी एक भाषा काढायची तर वर्गात मारामारी होईल. मराठी माणसाला मात्र या बाबतीत एक ऐतिहासिक अभिमान बाळगता येतो, तो असा की हिब्रूचे व्याकरण मराठीतून शिकवणारे पुस्तक रेव्हरंड जॉन विल्सन यांनी मुंबईत १८३२ सालीच काढले होते. पुढे १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या ‘हागादा’ या वल्हांडण सणाच्या पोथीत हिब्रूसोबत मराठी भाषांतर तर होतेच, शिवाय तिच्यातील चित्रात बेखमीर भाकरी लाटणाऱ्या बायका साड्या नेसून बसल्या आहेत. लाल समुद्र ओलांडून आलेल्या मंडळींच्या भाकरी साडी नेसून लाटणे, ही भाषांतराची परमावधी म्हणावी लागेल.

तेव्हा प्रश्न असा की मराठी माणसाला हिब्रू अवघड जावी की सोपी. विद्वानांचे उत्तर सहसा ‘अवघड’ असे असते, कारण लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि रोजच्या लिखाणात स्वरचिन्हे बहुतेक गाळलेली असतात. हा दुसरा प्रकार देवनागरीत करून पाहिला तर बुलढाणा ‘बलढण’ होतो, मोताळा ‘मतळ’ आणि शेगाव ‘शगव’ होते, आणि एसटीच्या पाट्या जर अशा रंगवल्या तर मोताळ्याचा प्रवासी जन्मभर मेहकरच्या स्थानकावर बसून राहील. काही अक्षरे अधूनमधून स्वरांचे काम करतात हे खरे, पण ती कधी स्वर असतात आणि कधी व्यंजन, हे शब्द आधी माहीत असेल तरच कळते. म्हणजे वाचायला येण्यासाठी शब्द माहीत हवा आणि शब्द माहीत होण्यासाठी वाचायला यायला हवे. नवागतांची कीव येऊन त्यांच्यासाठी ‘शाआर लामात्हिल’, म्हणजे ‘नवशिक्याचे दार’, या नावाचे स्वरचिन्हांसकट छापलेले सोप्या हिब्रूतील साप्ताहिक काढण्यात आले. त्यातील बातम्या इतक्या सोप्या भाषेत असत की युद्धाची बातमीसुद्धा बालवाडीतल्या गोष्टीसारखी वाटे.

लिपीचा हा घाट ओलांडला की मात्र मराठी माणूस वर्गातील इंग्रज-अमेरिकन विद्यार्थ्यांकडे जरा वरून पाहू शकतो. हिब्रूत पुरुष ‘अनी होलेख’ म्हणतो आणि स्त्री ‘अनी होलेखेत’ म्हणते, म्हणजे चालणारा कोण की चालणारी कोण हे क्रियापदावरूनच कळते. या नियमाशी इंग्रजी बोलणारा महिनाभर झुंजतो, तर ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ म्हणत मोठ्या झालेल्या माणसाला यात शिकण्याजोगे काय आहे हेच कळत नाही. ध्वनींचेही तसेच. हिब्रूतील ‘त्सादी’ या अक्षराचा उच्चार परदेशी लोकांना जिभेची कसरत वाटतो, पण तो मराठीतील ‘चमचा’, ‘चाक’ आणि ‘चोर’ यांच्यातला च आहे, ‘चहा’तला नव्हे, इतके सांगितले की काम झाले. घशातून निघणारा खरखरीत ‘ख’ तेवढा राहतो, आणि तोही अपरिचित म्हणता येत नाही, कारण खेड्यात सासरे ओसरीवरून माजघराकडे यायला निघाले की सुनांना कळावे म्हणून जो आवाज काढतात तोच हा. फरक इतकाच की हिब्रूत तो शब्दाच्या मधोमध काढायचा असतो आणि तो ऐकून कोणी पदर सावरत नाही.

उलट बुलढाण्याला या भाषेत मोठी किंमत मोजावी लागते. हिब्रूत ढ नाही, ण नाही, ट-त आणि ड-द यांच्यात भेद नाही, आणि ळ तर औषधालाही नाही, त्यामुळे जिल्ह्याचे नाव ‘बुल्दाना’ एवढेच उरते. घाटाखालच्या वऱ्हाडी बोलीत ‘जवळ’चे ‘जवय’ आणि ‘डोळा’चे ‘डोया’ पूर्वीपासूनच झालेले असल्याने ळ गमावण्याचे दुःख तिकडच्या माणसाला होणार नाही. पुणेकराला मात्र ते शोकसभा घेण्याइतके होईल. शिवाय वऱ्हाडी माणसाला आणखी एक ओळखीची गोष्ट पावलोपावली भेटेल. ‘काहून बे’ म्हणताना तो जो ‘बे’ वाक्याच्या शेवटी लावतो, तोच हिब्रू माणूस शब्दाच्या आरंभी लावतो: ‘बेसेदेर’ म्हणजे ठीक आहे, ‘बेएमेत’ म्हणजे खरेच, ‘बेवाकाशा’ म्हणजे कृपया. हा ‘बे’ म्हणजे साधारणतः ‘मध्ये’ असा अर्थ देणारा उपसर्ग असून त्यात कोणाचा अपमान नाही, हे समजेपर्यंत दोनचार भांडणे होऊन जाण्याचा संभव आहे.

लिंगविचार हे या अभ्यासाचे सर्वांत करुण प्रकरण होय. मराठीत तीन लिंगे आहेत व हिब्रूत दोनच, म्हणून विमानातून उतरताच सर्व नपुंसकलिंगी वस्तूंना कोणता तरी एक पक्ष निवडावा लागतो; घर, झाड आणि पुस्तक हे तिघेही पुरुष होतात. ते ठीक, परंतु हात, पाय, डोळा आणि कान हे चारही अवयव, जे मराठीत जन्मापासून पुल्लिंगी होते, ते हिब्रूत एकजात स्त्रीलिंगी आहेत, कारण शरीरात जोडीने येणारे अवयव सामान्यतः स्त्रीलिंगी, असा तेथील दंडक आहे. नाकाचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला. मराठीत सगळी अब्रू ज्याच्यावर अवलंबून, जे कापले गेले तर घराणे बुडते आणि जे वर करून माणूस चालतो, ते नाक व्याकरणाने मात्र ‘ते नाक’ म्हणून नपुंसकात टाकलेले होते. हिब्रूने त्याला अखेर पुरुषांच्या पंगतीला बसवले. संख्यांचा प्रकार याहून विचित्र असून त्यात स्त्रीलिंगी दिसणारे ‘श्लोशा’ हे रूप तीन मुलग्यांना आणि पुरुषी दिसणारे ‘शालोश’ हे रूप तीन मुलींना लागते; पण बाजारात शेकेल हे पुल्लिंगी नाणे मोजताना खुद्द तेथे जन्मलेली माणसेही सर्रास चुकीचे रूप वापरतात, आणि नवागताच्या दुखावलेल्या मनाला त्या देशात लाभणारे पहिले खरे समाधान बहुधा हेच.

ज्या भाषेत ही उलथापालथ चालते ती स्वतःच एका अर्थी नवागत आहे. शतकानुशतके प्रार्थनेची आणि पोथ्यांची म्हणून जपलेली हिब्रू घरात बोलायला लावण्याचा हट्ट १८८१ साली जेरुसलेमला आलेल्या एलिएझर बेन येहुदा या गृहस्थाने धरला, आणि स्वतःच्या मुलाच्या कानावर दुसरी भाषा पडू न देता त्याला वाढवले. देवघरातील संस्कृतला अचानक भाजी निवडायला बसवावे तसा हा प्रकार असल्यामुळे शब्द पावलोपावली कमी पडत, आणि ते घडवावे लागत. शब्दकोशासाठी ‘मिलोन’ आणि आइसक्रीमसाठी ‘ग्लिदा’ हे त्याचे शब्द लोकांनी उचलले, टोमॅटोसाठी त्याने धरून ठेवलेला ‘बादुरा’ मात्र लोकांनी कुजू दिला. मराठी वाचकाला येथे सावरकरांच्या भाषाशुद्धीची आठवण होणे स्वाभाविक आहे. टेलिफोनसाठी हिब्रूत ‘लांबचे बोलणे’ अशा अर्थाचा एक शब्द सुचवला गेला आणि मराठीत ‘दूरध्वनी’ आला. आज हिब्रू माणूस ‘तेलेफोन’ म्हणतो आणि मराठी माणूस ‘फोन’, फक्त मराठी माणसाच्या लग्नपत्रिकेवर दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो.

आतापर्यंतच्या अडचणी जिभेच्या होत्या. यापुढची घाटातली अवघड वळणे नात्यांची आहेत, आणि खरी दमछाक तेथेच होते. हिब्रूत आदरार्थी बहुवचन नाही. शिक्षिका, सासरे आणि रस्त्यावरचा पोर या सर्वांना पुरुष असल्यास ‘आता’ व स्त्री असल्यास ‘आत्’, म्हणजे सरळ ‘तू’. शिक्षिकेला ‘बाई’ न म्हणता तिच्या पहिल्या नावाने हाक मारायची, आणि पंतप्रधान नेतान्याहू यांना तर अख्खा देश ‘बिबी’ म्हणतो, जे लोणार तालुक्यातील एका गावाचे नाव आहे. ज्या माणसाने आयुष्यभर ‘सर, आपण बसा’ म्हटले त्याला ‘सर’ ही गाळायचे आणि ‘आपण’ ही गाळायचे म्हटल्यावर त्याच्याजवळ फक्त ‘बस’ उरते, आणि ते शिक्षिकेला म्हणण्यापेक्षा तो स्वतः उभा राहणे पसंत करतो. नवऱ्याला ‘अहो’ म्हणणाऱ्या बायकोपुढे तर पेच असा की त्या ‘अहो’ला प्रतिशब्दच नाही, मात्र नवऱ्याने बायकोचा उल्लेख ‘आमची ही’ असा केल्यास तो हिब्रूत बिनचूक ठरतो, कारण ‘ही’ म्हणजे तेथेही ‘ती’च.

नात्यांच्या शब्दांतील काटकसर अशीच हृदयद्रावक आहे. काका आणि मामा दोघेही ‘दोद’, आत्या आणि मावशी दोघीही ‘दोदा’. लग्नात कोण रुसायचे आणि कोणी समजूत काढायची हे ज्या भाषेत शब्दावरूनच ठरलेले असते, त्या भाषेतून आलेल्या माणसाला हे म्हणजे सातबारा उतारा फाडून टाकल्यासारखे वाटते. ‘आबा’ हा शब्द ओळखीचा निघाला म्हणून त्याला आनंद होतो, तर तो आजोबांना नसून बापाला लागतो. आजोबा ‘साबा’ होतात, आणि आजी होते ‘साव्ता’, जो शब्द नातवाच्या तोंडून प्रथम ऐकताना बाईला आपली सवत आठवून दचकायला होते. भाजीवाला तिला ‘मामी’ म्हणतो तेव्हा तिला वाटते, निदान येथे तरी कोणाला नात्याची जाण आहे, आणि ती त्याच्या गावाची चौकशी करू लागते. मग तिच्या मागे उभ्या असलेल्या विशीतल्या मुलालाही तो ‘मामी’च म्हणतो, आणि हा शब्द त्या बाजारात लाडाने कोणालाही लावतात, हे तिला कोथिंबिरीची जुडी हातात धरून उमगते. आभार हा विषय वेगळाच. ‘तोदा’ हा शब्द सोपा आहे, मराठी कानाला तो ‘तोडा’ असा ऐकू येतो एवढेच. पण जेवायला वाढणाऱ्या आईचे आभार मानणे म्हणजे तिला खानावळवाली ठरवणे, अशी ज्याची समजूत, त्याला तो शब्द केव्हा म्हणायचा हे शिकायला वर्षे लागतात.

याचा अर्थ चढणाऱ्याने सगळे ओझे घाटाखाली टाकले असा मुळीच नाही. हिब्रू वर्षाच्या आरंभी बेने इस्राएल घरांत आजही चिकाचा हलवा होतो, आणि हा चीक म्हणजे गहू भिजवून, वाटून, पिळून काढलेले तेच दाट दूध ज्याच्या कुरडया चैत्र-वैशाखात बुलढाण्याच्या गच्च्यांवर वाळत असतात, फक्त त्या हलव्यात नारळाचे दूध पडते, कारण मांसाच्या जेवणाबरोबर गाई-म्हशीचे दूध धर्माला चालत नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक इस्राएलमधून निघत आले आहे. आणि चढण सर्वांना मानवली असेही नाही. १९५१-५२ च्या सुमारास काही कुटुंबांनी भेदभावाची तक्रार करून, परत पाठवा म्हणून धरणे धरले, त्यांतील काही परत आलीही, आणि पुढे त्यांतली बरीचशी पुन्हा गेली, म्हणजे ओले, योरेद आणि पुन्हा ओले असा तो राजूर घाटातल्या बसगाडीसारखा वरखाली प्रवास झाला. १९६४ मध्ये तर आपल्या लग्नसंबंधांवर धर्मपीठाने घेतलेल्या शंकेविरुद्ध या समाजाने जेरुसलेममध्ये आंदोलन करून सरकारकडून आपण पूर्ण ज्यू असल्याचे मान्य करून घेतले. धरणे धरून मागणी मान्य करून घेण्याची ही कला मात्र कोणत्याही उल्पानात शिकवली जात नाही; ती चढताना बरोबरच नेलेली असावी.

शेवटी दोन शब्दांची नोंद राहते. ‘मी’ हा हिब्रू शब्द सर्वनामच आहे, पण त्याचा अर्थ ‘कोण?’ असा होतो, म्हणजे जो प्रश्न वेदान्ताला अनेक ग्रंथांत सोडवावा लागला तो या भाषेने शब्दकोशातच मिटवला. आणि ‘मेहकर’ म्हणजे घशातल्या ‘ख’सह ‘संशोधन’. आता असे समजावे की मेहकरहून निघालेला कोणी मराठी माणूस दिमोन्यातील एका इमारतीखाली उभा आहे, त्याने तिसऱ्या मजल्याची घंटा दाबली आहे, आणि तिकडे जन्मलेला दहा वर्षांचा नातू भिंतीवरच्या यंत्रात विचारतो, ‘मी झे?’, म्हणजे ‘कोण आहे?’. दारावरच्या या प्रश्नाला महाराष्ट्रात एकच उत्तर देतात, आणि पाहुणाही तेच देतो: ‘मी.’ नातू पुन्हा विचारतो, ‘मी?’, पाहुणा पुन्हा ठासून सांगतो, ‘मी! मेहकर!’, आणि पोरगा आत जाऊन आजीला कळवतो की खाली संशोधन खात्याचा एक माणूस आला आहे आणि आपण कोण हे तो आपल्यालाच विचारतो आहे. साव्ता पीठ लागलेले हात पदराला पुसत म्हणते, ‘मी म्हणतोय ना? मग आपलाच आहे. उघड दार.’